जुनी डिझेल गाडी तापते? आधी ती कधी तापते ते पाहा

जुन्या डिझेल गाडीचा काटा पहिल्यांदा लाल पट्ट्याकडे सरकतो तेव्हा नवा मालक बहुधा एकच प्रश्न विचारतो: काय बदलायचं? कुणी थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं पाणी तापमानानुसार सोडणारा व्हॉल्व्ह) सांगतं, कुणी वॉटर पंप, कुणी थेट हेड (सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) उतरवायला सांगतं. मी आधी विचारतो, तापते कधी? चढावर, मोकळ्या रस्त्यावर वेगात, गर्दीत उभी असताना, की सुरू केल्यावर पाच मिनिटांतच? एवढ्या एका उत्तरातून निम्मं निदान होतं आणि त्यासाठी पानाही उचलावा लागत नाही. पुढचा क्रमही तसाच लावला आहे. आधी निरीक्षण, मग थंड इंजिनावरची तपासणी, मग गरम इंजिनावरची, आणि खोलाखोली सगळ्यात शेवटी.

रस्त्यात काटा चढला तर

हे सगळ्यात आधी, कारण इथली चूक सगळ्यात महाग पडते. काटा नेहमीच्या जागेच्या वर जाताना दिसला की एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा पूर्ण वेगावर ठेवा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. आत बसणाऱ्यांना त्रास होईल, पण इंजिनातली थोडी उष्णता बाहेर पडेल. चढावर असाल तर एक गिअर खाली घ्या आणि ॲक्सिलरेटर हलका ठेवा. वरच्या गिअरमध्ये इंजिन रेटत नेलं की पंप आणि बेल्टवरचा पंखा हळू फिरतात, डिझेल मात्र भरपूर जळत राहतं.

तरीही काटा उतरत नसेल तर सुरक्षित जागी थांबा. वाफ येत नसेल, पाणी सांडत नसेल आणि बेल्ट शाबूत असेल तर इंजिन एक-दोन मिनिटं स्लोवर चालू द्या. फिरतं पाणी हेडमध्ये साठलेली उष्णता ओढून नेतं. वाफ, गळती, तुटलेला बेल्ट किंवा तेलाचा लाल दिवा यांपैकी काहीही दिसलं तर मात्र क्षणाचाही विचार न करता इंजिन बंद करा.

मग किमान पाऊण तास वाट पाहा. गरम रेडिएटरचं किंवा कूलंटच्या (इंजिन थंड ठेवण्यासाठी पाण्यात मिसळायच्या द्रवाच्या) टाकीचं झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नका. आत साधारण १ बारचा जादा दाब असतो, त्यामुळे १०० अंशांच्या पुढे गेलेलं पाणीही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब एकदम जातो, थोडं पाणी त्या क्षणी वाफ होतं, उकळतं पाणी तिच्यासोबत बाहेर उसळतं आणि चेहरा-हात भाजतात. फडकं गुंडाळून हळूच उघडू, हा विचारही सोडा. रेडिएटरचा वरचा जाड होज (रबरी नळी) हाताला कोमट लागेल आणि दाबल्यावर मऊ वाटेल तेव्हाच उघडा. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतणंही तितकंच वाईट. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियम जास्त फुगतं, त्यामुळे एकदम थंड पाणी पडलं की हेड वाकतं किंवा त्याला तडा जातो.

डिझेल इंजिनाचा स्वभाव

जळलेल्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा कूलंटमध्ये जाते आणि रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. पण डिझेल इंजिन स्लोवर फारच कमी इंधन घेतं. उभ्या गाडीत ते मुळात थंडच राहू पाहतं, आणि ओझं पडलं की भराभर उष्णता तयार करतं. म्हणून पंखा बंद पडलेली डिझेल गाडी गर्दीत बराच वेळ तग धरते आणि त्याच गाडीला लांब चढ दाखवला की काटा चढतो. याचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे. डिझेल गाडी नुसती उभ्या-उभ्या, एसी बंद असताना, काही मिनिटांत तापत असेल तर मामला गंभीर समजा. एक तर पाणी कमी आहे, किंवा ते फिरत नाही, किंवा सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे.

आणखी एक. जुन्या पिढीच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये न उडवता हेडमधल्या छोट्या कप्प्यात, प्री-चेंबरमध्ये, उडवतात. या रचनेत थेट इंजेक्शनपेक्षा जास्त उष्णता हेडमध्ये आणि पाण्यात जाते. म्हणजे ज्या इंजिनाला चांगल्या कूलिंगची सगळ्यात जास्त गरज, तेच आज सगळ्यात जुनं झालेलं आहे. अशा गाडीत कूलंटची हेळसांड पहिल्यांदा हेडला भोवते.

काटा खरं बोलतो का?

खर्च करण्याआधी ही शंका फेडून घ्या. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच काटा खरा. पाणी सेन्सरच्या खाली गेलं तर तो वाफेचं किंवा हवेचं तापमान सांगतो, आणि इंजिन भाजत असताना काटा खाली पडतो. चढलेला काटा अचानक खाली आला आणि हीटरची हवा गार झाली, तर इंजिन थंड झालं नाही, पाणी संपलं. असं दिसलं की थांबा.

उलट प्रकारही होतो. हेडलाइट लावले की काटा वर सरकतो, किंवा डिझेलचा काटाही सोबतच वर जातो, असं असेल तर दोष बहुधा अर्थिंगमध्ये किंवा डॅशबोर्डमागच्या व्होल्टेज रेग्युलेटरमध्ये असतो. काही गाड्यांत काटा मुद्दामच एका मोठ्या टप्प्यात मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. तिथे तो हलला याचा अर्थ तापमान आधीच बरंच वाढलं आहे.

खात्रीसाठी बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा. मात्र तो चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखू नका, आकडा खोटा आणि कमी येतो. थर्मोस्टॅटच्या घरावर काळी चिकटपट्टी लावा किंवा त्याला लागून असलेल्या काळ्या रबरी होजवर मोजा. चालतं इंजिन ८५ ते ९५ अंशांच्या आसपास असेल तर ते तापलेलं नाही.

कधी तापते, यावरून काय कळतं

एक छोटी वही गाडीत ठेवा आणि काटा चढेल तेव्हा चार गोष्टी लिहा: वेग, चढ की सपाट, एसी चालू की बंद, हीटर गरम की गार. तीन-चार नोंदी झाल्या की नमुना दिसू लागतो.

गर्दीत तापते आणि रस्ता मोकळा झाला की उतरते, तर वारा कमी पडतो आहे. संशय पंख्यावर. गाडी चालू लागली की समोरून वारा आपोआप मिळतो, म्हणून काटा उतरतो.

गर्दीत ठीक, पण वेगात किंवा चढावर तापते, तर वारा आहे पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद कमी पडते. आतून क्षार बसलेला किंवा बाहेरून मातीने बुजलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेला पंप किंवा वेगात आत ओढला जाणारा खालचा होज. रेडिएटरभोवतीचे हवा वळवणारे प्लास्टिकचे किंवा रबराचे तुकडे आधीच्या दुरुस्तीत काढून फेकले असतील तरी हेच होतं. समोरून आलेला वारा रेडिएटरमधून जाण्याऐवजी बाजूने निसटतो. हे तुकडे कुणी मोजत नाही, तुम्ही मोजा.

सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापते, तर थर्मोस्टॅट बंद अडकलेला, पंप पाणी ढकलत नसलेला, एअर लॉक (पाण्याची वाट अडवणारी हवा), किंवा गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील, सुटलेलं.

तापमान वर-खाली हेलकावे खातं, हीटर कधी गरम कधी गार येतो, तर पाण्यात हवा आहे. ती भरताना अडकलेली हवा आहे, की गळतीतून शिरलेली, की सिलिंडरमधून आलेली, हे पुढे शोधायचं.

कधीच न तापणारी गाडी दुरुस्तीनंतर लगेच तापू लागली, तर नव्याने जे हलवलं तिथेच पाहा. बहुतेकदा कूलंट बदलताना राहिलेली हवा निघते.

थंड इंजिनावरची तपासणी

हे काम सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना करा. इलेक्ट्रिक पंखा असेल तर बॅटरीची ऋण तार काढा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो आणि बोटं सापडतात.

झाकण हळू उघडा. रात्रभर थंड झालेल्या गाडीतून जोरात फुस्स आवाज आला तर तो लक्षात ठेवा. थंड पाण्याला दाब नसतो, मग हा दाब आला कुठून? गॅस्केटच्या भागात याकडे परत येऊ.

पातळी पाहा. टाकीत पाणी दिसतं म्हणून थांबू नका, रेडिएटरला स्वतंत्र झाकण असेल तर त्यातही काठोकाठ पाणी हवं. टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं मी अनेकदा पाहिलं आहे. झाकणातला छोटा व्हॉल्व्ह खराब असला की गरम झाल्यावर पाणी टाकीत जातं, थंड झाल्यावर परत ओढलं जात नाही. अशा वेळी वरचा होज सकाळी चपटा झालेलाही दिसतो. झाकणाचं रबर कडक झालं असेल, चिरलं असेल किंवा स्प्रिंग ढिली असेल तर झाकण बदला. त्यावर कोरलेला दाबाचा आकडा तोच हवा. संपूर्ण कूलिंगमधला हा सगळ्यात स्वस्त भाग आहे आणि तरीही सगळ्यात शेवटी आठवतो. त्याचं काम किती मोठं आहे पाहा: साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, १ बारच्या जादा दाबाखाली १२० अंशांना. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असेल तर हा आकडा १२५ च्याही पुढे जातो. झाकण दाब धरत नसेल तर निरोगी इंजिनसुद्धा चढावर उकळू शकतं.

पाण्याचा रंग पाहा. तांबूस, गढूळ पाणी म्हणजे आत गंज आहे आणि बरीच वर्षं साधं पाणी भरलं गेलं आहे. वर तेलाचा तवंग असेल तर गॅस्केट, किंवा तेल थंड करणारा ऑइल कूलर आतून फुटलेला. आता तेलाची काडी पाहा. तेलाची पातळी वाढलेली किंवा तेल दुधाळ झालेलं असेल तर इंजिन सुरू करू नका. तेल भरायच्या झाकणाखाली थोडा पिवळसर साय असल्यासारखा थर मात्र लगेच घाबरण्यासारखा नाही. थंड हवेत छोट्या-छोट्या फेऱ्या मारल्या की तिथे दमट वाफ जमते. काडीवरचं तेल स्वच्छ आहे ना, हे महत्त्वाचं.

होज एकेक करून दाबा. टोकाशी फुगलेला, चिरा पडलेला, किंवा दाबल्यावर आत करकरणारा होज बदला. क्लिपांभोवती वाळलेल्या कूलंटची पांढरी-हिरवी पावडर दिसली तर तिथे गळती आहे. गरम असताना थेंब लगेच वाळतो, मागे फक्त डाग राहतो. केबिनमधली पुढची सतरंजी ओली आणि गोडसर वास येत असेल तर हीटरचा कॉइल गळतो आहे.

बेल्ट दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबा. साधारण १० ते १२ मिलिमीटर खाली जावा. आतली बाजू काचेसारखी चमकत असेल तर तो घसरतो. मग वॉटर पंपाची पुली धरून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं, तिथून ओघळ आलेला दिसला तर आतलं सील गेलं. ज्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर चालतो तिथे हे बाहेरून दिसत नाही. म्हणूनच अशा गाडीत टायमिंग बेल्ट बदलताना पंपही बदलायचा.

शेवटी रेडिएटरच्या जाळीत टॉर्च मारा. एसी असलेल्या गाडीत पुढे एसीची जाळी, म्हणजे कंडेन्सर, आणि मागे रेडिएटर असतो, आणि खरी घाण या दोघांच्या मधल्या फटीत साचते: माती, किडे, बिया, तेलकट धूळ. पुढून जाळी स्वच्छ दिसते आणि मागे घट्ट गादी बसलेली असते. रेडिएटरचे वरचे बोल्ट सैल करून तो थोडा मागे झुकवला की कळतं. इंजिनाच्या बाजूने पुढे, मंद धारेने पाणी मारा. जोराच्या धारेने पातळ पत्रे वाकतात आणि वाट कायमची बुजते.

इंजिन सुरू करून

आता बॅटरी जोडा, पाणी काठोकाठ भरा, हीटर गरमवर ठेवा आणि गाडी सुरू करा. सैल कपडे, ओढणी, गळ्यातली साखळी बोनेटपासून दूर.

पहिली दोन मिनिटं महत्त्वाची आहेत. झाकण लावलेलं असू द्या आणि वरचा होज हातात धरून ठेवा. इंजिन अजून थंड आहे, होजही थंड आहे, आणि तरीही तो दगडासारखा कडक झाला, तर पाण्यात गॅस शिरतो आहे. पाणी तापून फुगल्याने येणारा दाब इतक्या लवकर येत नाही.

तसं झालं नाही तर पुढे चला. स्लोवर डिझेल इंजिन तापायला वेळ घेतं, म्हणून उभ्या गाडीत वेग थोडा वाढवून धरा किंवा एक छोटी चक्कर मारून या. वरचा होज आधी कोमट राहतो आणि थर्मोस्टॅट उघडला की थोड्याच वेळात गरम होतो. बहुतेक गाड्यांत ते ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान घडतं, नेमका आकडा थर्मोस्टॅटवर कोरलेला असतो. काटा वर गेला आणि रेडिएटरकडे जाणारा होज थंडच, तर थर्मोस्टॅट बंद अडकला आहे किंवा पंप पाणी ढकलत नाही. हीटर कडक गरम येत असेल तर पंप चालतो आहे, दोष थर्मोस्टॅटचा. हीटरही गार असेल तर पाणी कमी, हवा अडकलेली किंवा पंपाचं पातं गंजून गेलेलं. प्लास्टिकचं पातं कधीकधी शाफ्टवर नुसतं घसरतं, बाहेरून पंप धडधाकट दिसतो.

थर्मोस्टॅटची परीक्षा सोपी आहे. काढून पाण्याच्या भांड्यात दोऱ्याने लटकवा, थर्मामीटर बुडवा, आणि पाणी तापवत कोरलेल्या आकड्याजवळ तो उघडतो का पाहा. थंड झाल्यावर पूर्ण बंदही व्हायला हवा. बसवताना त्याची छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा, तिच्यातून हवा निसटते.

इथे एक कळकळीची विनंती. थर्मोस्टॅट काढून गाडी तशीच चालवण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल, तो मानू नका. डिझेल इंजिन मग कायम थंड चालतं, धूर करतं, जास्त इंधन पितं आणि सिलिंडर झिजतात. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटची मागची तबकडी बायपासची वाट बंद करते. तोच काढला तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि गाडी आणखीच तापते.

गरम इंजिनावर कुणाला तरी रेस वाढवायला सांगा आणि खालच्या होजकडे पाहा. एका गाडीचा रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट सगळं नवं होतं, तरी ती मोकळ्या रस्त्यावर तापायची. उभी असताना सगळं सुरळीत. रेस वाढवून धरल्यावर दिसलं की खालचा होज पंपाच्या ओढीने पूर्ण चपटा होतो. त्याच्या आतली आकार धरून ठेवणारी स्प्रिंग गंजून नाहीशी झाली होती. एक होज बदलला आणि काम झालं. तेव्हापासून मी कुठलीही महाग वस्तू मागवण्याआधी हा होज पाहतो.

पंखा

इलेक्ट्रिक पंखा एसी लावल्यावर फिरतो का पाहा. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नसेल तर तापमानाचा स्विच किंवा रिले संशयित. दोन तारांचा साधा स्विच असलेल्या जुन्या गाडीत स्विचचं सॉकेट काढून दोन्ही टोकं वायरच्या तुकड्याने जोडा. पंखा फिरला तर पंखा आणि वायरिंग ठीक, स्विच बदला. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने जा. कंट्रोल युनिटवर चालणाऱ्या पंख्याला हा उपाय करू नका.

बेल्टवर फिरणाऱ्या पंख्यात मधोमध सिलिकॉन तेल भरलेला व्हिस्कस क्लच असतो. इंजिन चांगलं गरम करून बंद करा आणि मग पंखा हाताने फिरवा. त्याने विरोध केला पाहिजे. भिंगरीसारखा तीन-चार फेरे मोकळा फिरला तर क्लच गेला. क्लचभोवती तेलकट रेघा दिसल्या तरी तेच. चालू पंख्यात काहीही घालून परीक्षा पाहू नका. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण जागेवर असणंही गरजेचं आहे, नाहीतर पंखा तीच गरम हवा गोल फिरवत बसतो.

रेडिएटर आतून

गरम इंजिनावर इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरच्या जाळीवर पट्ट्या-पट्ट्यांनी फिरवा. पाणी ज्या बाजूने येतं तिथून जातं त्या बाजूपर्यंत तापमान हळूहळू उतरायला हवं. मध्येच एखादा चौकोन एकदम थंड निघाला तर तिथल्या नळ्या क्षाराने बुजल्या आहेत. सगळीकडे गरमच, उतार जवळपास नाही, तर जाळीतून जाणारा वारा पुरत नाही. थोडा क्षार फ्लशिंगने निघतो. बऱ्याच नळ्या बुजल्या असतील तर रेडिएटर बदललेला बरा. गळती थांबवणारी पावडर किंवा द्रव जुन्या गाडीत ओतू नका. तो गळकं भोक आणि हीटरची बारीक वाट यांत फरक करत नाही.

हेड गॅस्केट: घाई नको, चालढकलही नको

गॅस्केटचं नाव ऐकून माणूस हबकतो, म्हणून एक तर ते नाकारत राहतो किंवा पुरावा नसताना हेड उतरवतो. दोन्ही टाळा. पुरावे जमवा.

डिझेल सिलिंडरमध्ये नुसत्या कॉम्प्रेशनचा दाब २५ ते ३५ बार असतो आणि इंधन जळताना तो आणखी कितीतरी वाढतो. पाण्याचा दाब १ बार. म्हणून गॅस्केट किंवा हेड जरा जरी सुटलं की आधी गॅस पाण्यात घुसतो. तेल स्वच्छ राहतं, धूरही नेहमीसारखा दिसतो. पेट्रोल गाडीच्या सवयीने दुधाळ तेलाची वाट पाहत बसलात तर डिझेलमध्ये बराच उशीर झालेला असतो.

पाहण्याची लक्षणं अशी: थंडपणीच कडक होणारा वरचा होज, रात्रभर उभ्या गाडीच्या टाकीत उरलेला दाब, गळती कुठेही नसताना घटणारं पाणी, टाकीतून बाहेर फेकलं जाणारं पाणी, आणि रेस वाढवल्यावर सतत येणारे बुडबुडे. बुडबुड्यांची परीक्षा थंड इंजिनावर, झाकण उघडं ठेवून, सुरुवातीच्या काही मिनिटांतच करा. पाणी तापू लागलं की थांबा. सुरुवातीला थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचेही असतात, ते कमी होत जातात. गॅसचे थांबत नाहीत आणि रेससोबत वाढतात.

यानंतर रंगाची चाचणी. निळ्या द्रवाच्या नळीतून टाकीतली हवा ओढायची. त्यात जळलेला गॅस असेल तर द्रव हिरवट किंवा पिवळट होतो. डिझेल स्लोवर चालताना जादा हवा घेतं, म्हणून त्याच्या धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि रंग फिकाच बदलतो. त्यामुळे झाकण थंडपणीच उघडून नळी बसवा आणि मग इंजिन गरम करून, रेस वाढवून, दोनदा तपासा. पाणी नळीत ओढलं जाणार नाही याची काळजी घ्या. रंग बदलला तर पुरावा पक्का. नाही बदलला तर गॅस्केट निर्दोष सुटलं असं मात्र नाही. मग गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या: पंपाने झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि १०-१५ मिनिटं तो टिकतो का पाहायचं. दाब पडला आणि बाहेर थेंब नाही, तर पाणी आत जातं आहे.

सकाळी स्टार्टर मारताच इंजिन एकदम अडखळलं किंवा फिरलंच नाही आणि पाणी घटलेलं असेल, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असू शकतं. डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर जागा अगदी थोडी उरते, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा प्लग) किंवा इंजेक्टर काढून मगच इंजिन हाताने फिरवा.

हेड उतरवावंच लागलं तर नुसतं गॅस्केट टाकून परत बसवू देऊ नका. हेड सपाट आहे का ते सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासून घ्या, आणि तड्यांची चाचणी करून घ्या. प्री-चेंबरच्या हेडमध्ये दोन व्हॉल्व्हच्या मधली बारीक जागा तडकण्याची शक्यता जास्त. प्रत्येक हेडचं फेसिंग, म्हणजे मशीनवर घासून सपाट करणं, शक्य नसतं. काही डिझेल हेडना कंपनीने पूर्ण मनाई केलेली असते, ते त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पाहा. अनेक डिझेल इंजिनांची गॅस्केट वेगवेगळ्या जाडीची मिळतात आणि कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखतात. पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो ते मोजून जाडी ठरते. जुनं गॅस्केट फेकण्याआधी त्याच्या खाचा मोजून ठेवा. एकदाच वापरायचे बोल्ट असतील तर नवेच घ्या.

बाहेरची कारणं

कूलिंग निर्दोष असूनही गाडी तापू शकते. ब्रेक चिकटत असतील तर इंजिनाला कायम चढ चढावा लागतो. सपाट रस्त्यावर चालवून आल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूपच गरम लागतं का पाहा. क्लच घसरत असेल तर वेग मिळवण्यासाठी जादा रेस द्यावी लागते. बुजलेल्या एअर फिल्टरने काळा धूर येतो आणि जळणाची उष्णता वाढते. जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपाच्या गाडीत इंधन उडवण्याचं टायमिंग मागे पडलं तर इंधन उशिरा जळतं, ताकद घटते आणि हेड जास्त तापतं.

ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर पाण्याने थंड करणारा भाग) असलेल्या गाडीत तो आतून गळला तर पाणी घटतं, पांढरा धूर येतो आणि सगळी लक्षणं गॅस्केटसारखी दिसतात. हेड उतरवण्याआधी कूलर काढून वेगळा तपासा.

पाणी भरताना

मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर बहुतेक गाड्यांत निम्मं-निम्मं. दोन प्रकारची कूलंट एकत्र करू नका, रंग सारखा असला तरी. आतलं कुठलं आहे हे माहीत नसेल तर सगळं काढून, स्वच्छ पाण्याने धुऊन नवं भरा. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते पितात.

भरताना गाडीचं तोंड थोडं वर असलेलं चांगलं. हीटर पूर्ण गरमवर ठेवा. थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हीटरच्या होजवर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि बुडबुड्याविना सलग धार येईपर्यंत हळूहळू ओता. मग इंजिन सुरू करून होज मधूनमधून दाबत राहा, पातळी खाली जाईल तशी भरत राहा. हीटरची हवा सतत गरम येऊ लागली की झाकण लावा. पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहा, बहुतेक वेळा थोडी कमी झालेली असते.

मग गाडी ज्या परिस्थितीत तापत होती तिथेच घेऊन जा. चढावर तापत असेल तर चढावरच, सोबत पाण्याचा कॅन ठेवून. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी टाकीवर पेनाने केलेल्या खुणेशी पातळी ताडून वहीत लिहा. आठ दिवस पातळी खुणेवरच राहिली तर रोजची नोंद आठवड्यावर आणा. बोटभर जरी घटली, तर प्रेशर टेस्टपासून पुन्हा सुरू करा.